हुद्दारकाकांचा धोंडू

हुद्दारकाकांना झाकलेली वस्तू बघवत नाही. कोणाच्याही घरी गेले की बर्फाचे बूट दाराशी काढतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरून शेगडीवरच्या भांड्यांची झाकणं उचलून बघतात. गेल्या गणपतीत माझ्या उकडीच्या मोदकांचं झाकण त्यांनी इतक्यांदा उचललं की शेवटी मोदकांनीच माना टाकल्या. मी पुण्याची. तोंड उघडणारच होते, पण काका तोवर ओव्हनचं दार उघडून आत वाकले होते. "मी हात कुठे लावून राहिलो? फक्त पाहून राहिलो ना," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मूळचे नागपूरचे, आणि इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये हयात काढूनही बोलणं तसूभर हललेलं नाही.

ते आम्हा नवरा-बायकोचे सख्खे शेजारी. नोकरीभर एका कारखान्यात माल तपासायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर तपासायला कारखाना उरला नाही, म्हणून आमची गल्ली धरली. कोणाच्या दाराशी पार्सल पडलं की घंटी वाजवून सांगायचं. कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडून कोणी काय चुकीचं टाकलंय ते बघायचं. मी घरून काम करते हे त्यांना ठाऊक आहे, आणि घरून काम म्हणजे काम नव्हे हेही त्यांचं पक्कं मत आहे. भर मीटिंगमध्ये फोन यायचा, "काय करून राहिली?" मीटिंगमध्ये आहे म्हटलं की म्हणायचे, "असू दे, असू दे, मी होल्ड करतो."

काकू मात्र शांत. "बसलं की चटके बसतात यांना," एवढंच म्हणायच्या आणि आपलं विणकाम पुढे चालवायच्या. जानेवारीत त्या सिॲटलला गेल्या, मुलीच्या, मृणालच्या बाळंतपणाला. काका मागे राहिले. तुम्ही का नाही गेलात असं मी विचारलं तर म्हणाले, थंडीत घर बंद ठेवलं तर पाइप फुटतात. मला ते काही पटलं नाही.

आणि एका रविवारी त्यांचा फोन आला, लवकर ये, घरी पाहुणा आलाय. मी आपली शिऱ्याचा डबा घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर काचेची पेटी, पेटीत भुसा, भुशावर पालथी घातलेली, बाजूला भोक पाडलेली करवंटी. काकांनी करवंटी उचलली. खाली बुटाच्या नाडीएवढं, नारिंगी रंगाचं सापाचं पिल्लू वेटोळं करून बसलं होतं. कॉर्न स्नेक म्हणतात, विष नसतं, असं काका म्हणाले. मी तोवर खुर्चीवर उभी होते.

दुकानातल्या मुलीनं त्यांना सगळं बजावून दिलं होतं. पिल्लू नवीन जागी घाबरलेलं असतं. पहिला आठवडाभर त्याला उचलायचं नाही, हलवायचं नाही, सारखं बघायचंही नाही. लपायला जागा द्यायची, एका बाजूला ऊब द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. रुळलं की मग पहिला घास. हे सगळे नियम काकांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवले आणि तेवढ्या वेळात करवंटी तीनदा उचलली.

"काका, बघायचं नाही ना?"

"पाहून कुठे राहिलो? आहे का तेवढं तपासलं."

मराठी माणसाच्या घरात पिल्लू आलं की पुढे काय होतं हे त्या दुकानातल्या मुलीला कोण सांगणार? काकांनी बारसं काढलं. बारा दिवस थांबणं त्यांच्या रक्तात नाही, म्हणून चौथ्याच दिवशी. गल्लीतली आणि मराठी मंडळातली मिळून घरभर माणसं, घुगऱ्या, पेढे. आत्या म्हणून मला उभं केलं. पिल्लाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. सापाला कान नसतात हा मुद्दा मी मांडून पाहिला, पण तो कोणी मनावर घेतला नाही. मी पेटीवर वाकून कुर्रर्र केलं, मागून आठ-दहा बायकांनी जीव ओतून धपाटे घातले, टेबल हादरलं, करवंटी कलंडली आणि पिल्लू भुशात जे गेलं ते दिसेनासं झालं. नाव ठेवलं धोंडू. दृष्ट लागू नये म्हणून पूर्वी अशी नावं ठेवायचे, असं काकांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. पाहुण्यांनी आळीपाळीनं काचेवर टकटक केली आणि पेढे घेऊन घरी गेले.

आठवड्यानं पहिल्या जेवणाची वेळ आली. धोंडूचं जेवण म्हणजे गोठवलेलं, बोटाच्या पेराएवढं उंदराचं पिल्लू. ज्या घरात काकूंनी कधी अंडं येऊ दिलं नाही, त्या घरातल्या फ्रीझरमध्ये, मटार आणि नारळाचा चव यांच्यामध्ये, श्रीखंडाच्या डब्यात ही मंडळी झोपली होती. मी त्या घरी पुन्हा श्रीखंड खाणार नाही. काकांनी एक पिल्लू कोमट पाण्यात ऊन केलं, चिमट्यात धरलं आणि धोंडूच्या तोंडाशी नेलं. धोंडूनं तोंड फिरवलं. काकांनी दुसऱ्या बाजूनं नेलं. "घे राजा, एक घास," असा आग्रह सुरू झाला. धोंडू करवंटीखाली गेला, काकांनी करवंटी उचलली. तो भुशात गेला, काकांनी भुसा उकरला.

काही दिवस जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. धोंडू बारीक दिसायला लागला. काकांचीही झोप उडाली असावी, कारण दिवसभर माझ्या दारात यायचे, न बसता परत जायचे, पुन्हा यायचे. उबेचा दिवा इकडचा तिकडे करायचे. मला त्या सापाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, पण एवढासा जीव उपाशी मरतोय हे बघवेना.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला टॉर्च धरायला बोलावलं. एका हातात करवंटी, एका हातात चिमटा, आणि धोंडू काचेच्या कोपऱ्यात दाबून बसलेला. माझा पारा चढला.

"काका, तुम्ही त्याला जगू देणार आहात की नाही? असं तोंडाशी बसलं तर माणूस तरी जेवेल का?"

एरवी काका ताबडतोब उलटून बोलले असते. त्यांनी चिमटा खाली ठेवला, करवंटी हळूच जागेवर ठेवली आणि खुर्चीत बसले.

"मृणालही हेच म्हणाली," ते म्हणाले.

मग एकेक कळत गेलं. मृणालला दिवस गेल्यापासून काका रोज फोन करायचे, काय खाल्लं, किती वाजता, का नाही खाल्लं. तिला उचलायला उशीर झाला तर जावयाला फोन. शेवटी एकदा त्यांनी थेट तिच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. त्यावर ती म्हणाली होती, बाबा, आईला पाठवा, तुम्ही नंतर या. नंतर म्हणजे कधी, तर तुम्हाला एका जागी गप्प बसता येईल तेव्हा.

"म्हणून दुकानात जाऊन विचारलं, असा कोणता प्राणी आहे ज्याला आपण काहीच केलेलं चालत नाही. त्या पोरीनं हा दाखवला. म्हटलं, आधी याच्यावर शिकून पाहू." चिमटा टेबलाच्या कडेला सरकवत म्हणाले, "परवा मुलगी झाली तिला."

पार्सल आल्याचं गल्लीभर सांगणाऱ्या या माणसानं नात झाल्याचं मला सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी काकूंची सोलापुरी चादर आणली आणि पेटीवर टाकली. पाणी बदलायला काय ती उचलायची, बाकी रविवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं ठरवलं.

ते दिवस काकांनी माझ्याकडे काढले. माझ्या घरातलं एकही झाकण जागेवर राहिलं नाही. भाताची वाफ गेली, दही लागलं नाही, पण मी ब्र काढला नाही. मध्येच ते उठून खिडकीशी जायचे, स्वतःच्या घराकडे बघायचे आणि परत येऊन बसायचे. सिॲटलला मात्र त्यांनी एकदाही फोन लावला नाही.

रविवारी त्यांनी उंदराचं पिल्लू ऊन केलं, करवंटीच्या तोंडाशी ठेवलं, झाकण लावलं, चादर सोडली, आणि मी त्यांना बाहेर काढलं. बर्फातून गल्लीमागच्या तळ्याला फेरी मारली. काका दर चार पावलांनी मागे वळत होते. घर दिसू लागलं तशी मी त्यांना दंडाला धरून आणखी एका फेरीला नेलं. नाकं लाल होईतो चाललो.

परत आल्यावर त्यांनी चादरीचा कोपरा बोटभर उचलला. उंदीर नव्हता. करवंटीच्या भोकातून धोंडूचं जरासं अंग दिसत होतं, मध्यभागी फुगलेलं. काका ओरडतील, गल्लीत फोन करतील असं मला वाटलं. त्यांनी कोपरा सोडला आणि चादर नीट केली.

रविवारी दुपारी काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या दिवशी पडद्यावर मृणाल आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, ज्याचा चेहराही धड दिसत नव्हता. दुपटं जरा बाजूला कर, हे वाक्य काकांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"बाबा, आर यू देअर? काहीच इन्स्ट्रक्शन्स नाहीत?"

"नाही. तू सांग."

तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग बोलायला लागली. बाळ रात्रभर झोपत नाही, दूध पुरतंय की नाही कळत नाही, आंघोळ घालताना हातातून निसटेल असं वाटतं, आई आहे पण तरी खूप भीती वाटते. बोलता बोलता रडली, पुन्हा बोलली. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. हलत नव्हती.

"बाबा, तुम्ही कधी येताय?"

"तू म्हणशील तेव्हा."

तिकडे बाळ कुरकुरलं. तिनं त्याला थोपटलं.

"या ना," ती म्हणाली.

फोन बंद झाला तरी काका उठले नाहीत. तिकीट बघायला धावले नाहीत, पाइपांचं काय करायचं ते बोलले नाहीत, काळ्या पडद्याकडे बघत तसेच बसून राहिले. मीच मग चहा टाकला, आणि हे सिॲटलला गेले की धोंडू आपल्याकडे राहायला येणार, हे नवऱ्याला कसं सांगायचं याचा विचार करत त्यांच्या शेजारी जाऊन बसले.