नेमासावजींचा काटा

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३ रोजी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वाशीमजवळच्या शिरपूरच्या एका कापसाच्या गोदामात मला तराजूच्या पारड्यात बसवण्यात आले. मी नुकतीच माझ्या गावच्या, नागपूरच्या एस.टी.तून उतरले होते. एका हातात वळकटी होती, खांद्यावर कागदांची पिशवी होती. समोर पांढऱ्या धोतरातले, काळ्या टोपीतले, साठीच्या घरातले एक काटकुळे गृहस्थ उभे होते. मी नमस्कार करून नाव सांगणार, तोच त्यांनी छताच्या तुळईला टांगलेल्या प्रचंड तराजूकडे बोट केले.

"नाव मंग सांगजा," ते म्हणाले. "पयले बसा."

मी संख्याशास्त्राची एम.एस्सी. होते आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी कोणाच्याही सांगण्यावरून कशातही बसायचे नाही, असा माझा निश्चय होता. तरीही मी बसले, कारण त्या गृहस्थांच्या स्वरात विनंतीही नव्हती आणि हुकूमही नव्हता. सूर्य उगवला, असे सांगावे तसे ते सांगत होते. दुसऱ्या पारड्यात वजने चढली. "साडेत्रेचाळीस," त्यांनी मोठ्याने जाहीर केले, आणि खालच्या आवाजात विचारले, "नागपुरात पोरींले खाऊ नाई घालत काय?"

हे नेमासावजी. कापसाचे व्यापारी. त्या वर्षी सरकारने कापूस स्वतःच विकत घ्यायला सुरुवात केली होती, आणि दुष्काळामुळे विकत घ्यायला कापूसही फारसा नव्हता. त्यामुळे सावजींचे गोदाम रिकामे पडले होते आणि काटा बेकार झाला होता. गावाबाहेर पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले होते. पैनगंगेपलीकडून, गावे ओस टाकून आलेली कुटुंबे तिथे छावणी करून राहत आणि खडी फोडत होती. त्यांच्या मुलांसाठी सावजींनी गोदाम शाळेला दिले. काटा मात्र त्यांनी काढू दिला नाही.

मी आले होते पुण्याच्या एका संशोधन संस्थेकडून. पद उमेदवाराचे, काम मदतनिसाचे, महत्त्वाकांक्षा संचालकाची. संकटामुळे घरदार सोडावे लागलेली मुले शिकलेले किती टिकवतात आणि नवे किती शिकतात, हा आमचा प्रश्न होता. दर महिन्याला मुलांची वाचनाची परीक्षा घ्यायची, तक्ते भरायचे आणि पावसाळ्याआधी अहवाल पाठवायचा. चांगला झाला, तर संस्थेत कायमची जागा मिळेल, असे मला सांगण्यात आले होते.

सावजींना हा प्रश्न पोरकट वाटे. "वाचते का नाई, हे इचारून कायले पायता?" ते म्हणत. "पोरगं भरते का नाई, ते पाहा." भरणे म्हणजे वजनात भरणे. माणसाविषयीची कोणतीही माहिती त्यांच्या मते तोलल्याशिवाय पक्की होत नसे. पाहुणा आला की त्याला आल्याबरोबर तोलायचा आणि निघताना पुन्हा तोलायचा. जाताना वजन कमी भरले, तर गावाची अब्रू गेली. शिक्षणखात्याचे एक साहेब दोन तासांसाठी आले आणि निघताना पाऊण शेराने उतरले. चूक बुटांची होती. साहेबांनी ते दुसऱ्या खेपेला बाहेर काढले होते. पण सावजींनी त्यांना हातातली सुटकेस खाली ठेवायला लावली आणि गूळ-फुटाणे खाऊ घातल्याखेरीज एस.टी.त चढू दिले नाही.

तोलताना त्यांची एक ठरलेली रीत होती. पारड्यात वजने टाकून झाली की ते दोन पावले मागे सरत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि दांडी स्थिर होईपर्यंत हलत नसत. व्यापारी लोक काटा मारतात, अंगठ्याने पारडे दाबतात, असा कास्तकारांचा जन्मजात समज. सावजींनी आयुष्यभर हात पाठीमागे बांधून तो समज खोटा पाडला होता. कारंजाच्या बाजारात लोक त्यांना 'बिनहाताचा सावजी' म्हणत, हे त्यांनीच मला सांगितले, आणि पुढे त्यांचे आवडते वाक्य जोडले : "काट्याले माय नाई ना बाप."

शाळेत या तत्त्वाचा भयंकर परिणाम झाला होता. छावणीतल्या मुलांकडे आधीच्या शाळेचे दाखले नव्हते. घर सोडताना माणसे तवा घेतात, दाखला घेत नाहीत. वय विचारावे, तर आया सांगत, "लई पाऊस झाला त्या साली झाला." मग कोणाला कोणत्या वर्गात बसवायचे? मी येण्याआधी सावजींनी हा प्रश्न एका सकाळीत सोडवला होता. त्यांनी सगळ्या मुलांना तोलले आणि हलकी ती पहिलीत, भारी ती चौथीत, अशी वर्गवारी करून टाकली. जिल्हा परिषदेने तासाभरासाठी पाठवलेल्या गुरुजींना ती इतकी सोयीची वाटली, की त्यांनी हजेरीपटही तसाच केला.

त्यामुळे चौथीत किसन नावाचा एक गोलमटोल मुलगा बसत होता, ज्याला क आणि ख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य नव्हते. आणि पहिलीत, भिंतीला टेकून, केसर बसत होती.

केसर नऊ-दहा वर्षांची असावी. काडीसारखी. पहिल्या दिवशी मी अक्षरांचे तक्ते दाखवू लागले, तेव्हा ती माझ्याकडे दयेने पाहत राहिली. सावजींच्या गुळाच्या पुडीचा वर्तमानपत्राचा तुकडा खाली पडला होता. तिने तो उचलला आणि साखरेच्या टंचाईवरचा अर्धा अग्रलेख, मध्ये न थांबता, वाचून दाखवला. कागद फाटला होता तिथे ती थांबली आणि म्हणाली, "पुढचं तुमच्याकडं हाय का?"

मी सावजींकडे गेले आणि वर्गवारी चुकीच्या मापावर झाली आहे, हे त्यांना अतिशय शास्त्रशुद्ध रीतीने समजावून दिले. त्यांनी ऐकले. मग कोपऱ्यातल्या जुन्या पोत्यातून कापसाचे बोंड काढले, दोन्ही चिमटींत धरून सावकाश ताणले आणि तंतू उजेडात धरला.

"कापूस वजनावर इकल्या जाते," ते शेवटी म्हणाले, "पन भाव धाग्याच्या लांबीवर ठरते. हे मले उमगाले पायजे होतं. बसवा तिले चौथीत."

किसन पहिलीत आला. त्याचा बाप खडीवरून तावातावाने आला आणि पोराचं वजन घटलं का, म्हणून त्याला खाली उतरवलं, असे विचारू लागला. सावजींनी किसनला तत्काळ तोलून वजन वाढल्याचे सिद्ध केले. बाप समाधानाने परत गेला.

सावजींच्या काट्याला मी हसत असे. पण शास्त्राचे शिक्षण घेतलेल्या माणसाला फुकट मिळणारी मोजमापे सोडवत नाहीत. दर सोमवारी तोलणे होतेच आहे, तर ते माझ्या तक्त्यात का घेऊ नये? वजन वाढते तसे वाचन सुधारते का, हा प्रश्न आमच्या संचालकांनाही सुचला नव्हता. मी सावजींना एकच अट घातली : एक आकडा खोटा आला, तर सगळा तक्ता खोटा. त्यांना अपमान झाल्यासारखे वाटले. "बाई," ते म्हणाले, "हे तुमी मले शिकवून राह्यल्या?"

मार्चमध्ये वाशीमच्या दुष्काळ मदत समितीचे डॉक्टर आले. त्यांनाही तोलण्यात आले. इतका नेमका काटा आणि इतके नेमके आकडे पाहून ते प्रसन्न झाले आणि त्यांनी लगेच नियम केला : वीस किलोच्या आतल्या मुलांना सुकडीचे, म्हणजे मदतीच्या पौष्टिक पिठाचे, दोन वाटे, वीस भरले की एक. सावजी दिवसभर छाती पुढे काढून हिंडले. त्यांच्या काट्याला सरकारी नोकरी लागली होती.

केसरला दोन वाटे मिळू लागले. एक ती शाळेत खाई, दुसरा फडक्यात बांधून छावणीत नेई.

संध्याकाळी मात्र ती परत गोदामात येई. त्याचे कारण समजायला मला काही दिवस लागले. सावजी दिवस मावळल्यावर अन्न घेत नसत. त्यांचा तो धर्म होता. पण हिशेबात, नाहीतर काट्याची दांडी घासून पुसण्यात ते असे गुंतत, की सूर्य केव्हा बुडाला ते त्यांना कळत नसे, आणि मग सकाळपर्यंत उपाशी राहत. पत्नी होती तोवर ती ओसरीवरून हाक मारी. तिला जाऊन दोन वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. घरात डबा झाकून ठेवणारी एक बाई येई; ती दुपारीच निघून जाई.

केसर गोदामाच्या दारात उभी राहून म्हणे, "सावजी, दिस बुडायलाय. जेवून घ्या."

"तुले काय करायचं त्याच्याशी?" सावजी खेकसत.

"मला काय करायचंय. सूर्याला घाई हाय."

आणि ते उठत. कुरकुरत, टोपी सारखी करत, पण उठत. ते घरात गेले की मगच ती छावणीकडे वळे. एकदा ती तापाने आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सावजींनी मला सहज विचारावे तसे विचारले, "त्या पोरीचं वजन कोनं घेतलं नाई काल?" काल गुरुवार होता.

केसरचे वजन चढत गेले, तसे तिचे वाचनही. मेअखेर ती माझ्या परीक्षेत सर्वांत पुढे होती. अहवालाचा अर्धा डौल तिच्या एका ओळीवर उभा होता. मी तिच्या वजनाची रेषा कागदावर काढली आणि माझ्या लक्षात आले, की येत्या सोमवारी ती वीस ओलांडणार.

शनिवारी तिची आई आली. हातांना खडीच्या चिरा पडल्या होत्या. ती रागात नव्हती; आधीच हिशेब केलेल्या माणसासारखी बोलली.

"बाई, दोन वाटे मिळायलेत तवर ठीक हाय. तिघं जगायलोत त्याच्यावर. एक झाला की पोरगी माझ्यासंगं खडीवर. साळा मग बघू."

मी त्याच दुपारी एस.टी.ने वाशीमला गेले आणि समितीच्या कचेरीत बसून राहिले. मुलगी भरू लागली म्हणून तिचे अन्न काढून घेणे म्हणजे औषधाचा गुण आला म्हणून रोग्याला शिक्षा करणे आहे, हे मी लेखी आणि तोंडी मांडले. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सांगितले, की मुद्दा योग्य आहे आणि तो पावसाळ्यानंतरच्या बैठकीत ठेवता येईल.

परत येऊन मी हे सावजींना सांगितले. नियम त्यांच्याच काट्यामुळे झाला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ते काट्याची साखळी पुसत होते.

"काट्याले माय नाई ना बाप," त्यांनी म्हटले. या वेळी मोठ्याने नाही.

सोमवारी, ४ जूनला, तोलणे नेहमीसारखे सुरू झाले. मुले रांगेत, आया दारात, मी पेन्सिल घेऊन पेटीवर. सावजी वजने टाकत, मागे सरत, हात पाठीशी बांधत आणि आकडा पुकारत. किसन अठ्ठावीसवर गेला. दारातून वाहवा झाली. मग केसर बसली. पाय वर घेतले, साखळ्या धरल्या.

सावजींनी वजने टाकली. ते मागे सरले नाहीत.

दांडी हळूहळू स्थिर होत होती आणि त्यांचा उजवा हात वजनाच्या पारड्याच्या काठावर होता. अंगठा आत होता. त्या अंगठ्याला सराव नव्हता. तो पारडे जरा जास्तच दाबत होता आणि केसर वर उचलली जात होती. कास्तकाराच्या एका पोराने जरी नीट पाहिले असते, तरी बिनहाताच्या सावजींची आयुष्यभराची कमाई त्या क्षणी गेली असती. पण सगळे केसरकडे पाहत होते. मी एकटी त्यांच्याकडे पाहत होते, आणि ते माझ्याकडे.

त्यांनी आकडा पुकारला नाही. माझ्याजवळ येऊन सांगितला.

"लिवा बाई," ते म्हणाले. "नाईतर नका लिवू. तुमचा तक्ता आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि पुढच्या मुलाला बोलावले.

दिवसभर तक्त्यातली केसरची जागा रिकामी राहिली. समितीचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सुकडीचा तक्ता न्यायला येणार होता. संध्याकाळी गोदामात आम्ही दोघेच होतो. सावजी दांडी पुसत नव्हते; नुसते काट्याखाली बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, जणू ते हात आता कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हते. दारात ऊन तांबूस झाले.

"सावजी, दिस बुडायलाय. जेवून घ्या."

ते उठले. आज ते खेकसले नाहीत. तिच्याजवळून जाताना त्यांनी क्षणभर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच, कोणी पाहिले तर काय म्हणून, टोपी सारखी केली.

मी दोन कागद समोर घेतले. पहिला माझा, संशोधनाचा. त्यातली केसरची ओळ, फेब्रुवारीपासूनची सगळी वजने आणि सगळे गुण यांसह, मी पट्टी लावून एका सरळ रेघेने खोडली, कारण माझ्या तक्त्यात खोटा आकडा येऊ देणार नाही हे मी ठरवले होते. अहवालाचा डौल त्याबरोबर गेला. तो उरलेल्या मुलांवर पुन्हा उभा करावा लागणार होता, आणि मी तो करणार होते. दुसरा कागद समितीचा, सुकडीचा. त्यावर केसरच्या नावापुढे, शाईने, मी लिहिले : १९ किलो ८०० ग्रॅम.