शमुवेलकाकांच्या घरात गहू बंद

आमचे शेजारी शमुवेलकाका साळवे कुकीची जाडी व्हर्नियरने मोजतात. व्हर्नियर म्हणजे लोखंडी सुट्या भागांची मापं घ्यायचं हत्यार. काकांनी नागापूरच्या कारखान्यात टर्नर म्हणून सारी नोकरी काढली. निवृत्त झाले, पण हत्यार खिशातच राहिलं. कुकी कडेला जाड आणि मधे बारीक निघाली, की "रिजेक्ट!" म्हणून ती भिंतीवरून आमच्याकडे येते.

पहिल्या खेपेच्या कुकीने माझी दाढ हलली. दुसऱ्या खेपेची हातात घेताच भुगा झाली.

"गव्हातलं ग्लुटेन न्हाई ना," काका गंभीरपणे म्हणाले. "धरून ठेवणारा मालच काढलाय. आता केळं घालून बघतो."

काकू गेल्यापासून काका एकटेच. नाताळाच्या दोन महिने आधी त्यांनी नवा ओव्हन आणला, पोळपाट-लाटणं माळ्यावर टाकलं आणि घरात गव्हाला बंदी केली. ओट्सच्या पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं नसलं, तर वाण्याची उलटतपासणी. एकदा माझी बायको कणीक मळता मळता त्यांची वाटी परत द्यायला गेली, तर काका दारात आडवे.

"अगं बाई, तिथंच थांब! हाताला गहू हाय!"

मी विचारलं, "काका, पोटाचं काही दुखणं आहे का?"

"मला? मी दगड पचवीन. ट्रायल चालू हाय."

नाताळाला सगळं कळलं. दोन्ही लेकी, जावई, पुण्याहून मुलगा आणि सून रूथ आली होती. आम्हालाही बोलावणं होतं. रूथला गहू अजिबात चालत नाही. सगळे चटईवर बसले, तशी ती सवयीने आपला डबा घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली.

"रूथ, इकडं बस," काका म्हणाले. "आज घरात गव्हाचं काहीच न्हाई."

"पप्पा, माझ्या एकटीसाठी सगळ्यांना कशाला..."

"मागल्या नाताळाला आमी हितं केक खात हुतो. मी आत पाणी प्यायला आलो, तर तू ओट्यापाशी उभ्यानं राजगिऱ्याचा लाडू खात हुतीस. मला बघून डबा पाठीमागं लपवलास." काकांनी कुकीची ताटली मधे सरकवली. "ह्या घरात लपवून खायचं न्हाई, पोरी."

केक कुठाय म्हणून विचारायला उघडलेल्या तोंडात धाकट्या जावयांनी कुकी घातली. रूथने डबा पिशवीत ठेवला आणि दोघी नणंदांच्या मधे येऊन बसली. एक कुकी खाल्ली. मग दुसरी.

"अजून आहेत का हो, पप्पा?"

काका लगबगीने उठले. ओव्हनपाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ताटली भरायला त्यांना बराच वेळ लागला.