आधी फिफ्टी फाइव्ह, मग कवळी

विश्रामबागेत दस्तगीर मिस्त्री म्हणून एक माणूस आहे. तो म्हाताऱ्यांची कवळी अडवून धरतो. माप डॉक्टर घेतात, पण दात बसवतो मिस्त्री, आणि शेवटची तपासणी त्याच्याच दुकानात होते. तिथं 'फिफ्टी फाइव्ह' नीट म्हटल्याशिवाय तो काम पुढं सरकवत नाही. त्यामुळं आमच्या भागात असे कितीतरी म्हातारे आहेत ज्यांना इंग्रजीतला एवढा एकच आकडा येतो, आणि तो अगदी साहेबासारखा येतो.

मिस्त्री तुमच्याशी बोलताना डोळ्यांत बघत नाही. तोंडात बघतो. चहाच्या गाड्यावर उभा असला की चहा बाजूला आणि ह्याची नजर शेजाऱ्याच्या ओठावर. मोबाईलवर इंग्रजी बातम्या लावतो आणि आवाज बंद करतो. "आवाज कशाला पायजे? ही बाई बघा, जीभ कशी दातामागं ठेवती!" म्हणून आपल्याला दाखवतो. पुढाऱ्यांची पण परीक्षा तशीच. कोण कुठल्या पक्षाचा हे त्याला माहीत नसतं. कुणाचे पुढचे दात आखूड आहेत ते माहीत असतं.

गंमत म्हणजे त्याला इंग्रजी येत नाही. वाचता येत नाही आणि अर्थ तर अजिबात कळत नाही. तरी कॉलेजची पोरंपोरी नोकरीच्या मुलाखतीआधी त्याच्याकडं येतात. तो त्यांना बाकावर बसवतो, हातात आरसा देतो, तोंडापुढं कागदाचा कपटा धरतो. "म्हणा, पेपर. कपटा हलला पायजे. हलला न्हाई तर तुमी मराठीत बोलला." एकदा एका पोरीनं विचारलं, "मिस्त्री, ह्या शब्दाचा अर्थ काय?" तर म्हणाला, "अर्थ तुझा तू बघ गं माय. मी फकस्त तोंडाचं काम घेतो."

मी पेशानं गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण ह्याच विश्रामबागेत मी उभ्या केलेल्या भिंती अजून सरळ आहेत, आणि त्या घरांतून शिकली-सवरलेली माणसं राहतात. त्यामुळं मला कुणी शिकवायला आलं की माझं टाळकं तापतं. तरी मिस्त्रीच्या दारात जायची वेळ आली. कारण नातीचं लग्न.

साखरपुड्याच्या पंगतीत व्याही मोठ्यानं म्हणाला होता, "आवं, आजोबांची भाकरी जरा दुधात कुस्करून द्या." पंगत हसली. मी पण हसलो, पण दात नसल्यावर हसू कसं दिसतं ते मला माहीत आहे. तिथंच ठरवलं, लग्नाच्या पंगतीत पापड असा मोडायचा की व्याह्याला चार पानं पलीकडं आवाज गेला पाहिजे.

मिस्त्रीनं गुलाबी मेणात बसवलेले दात माझ्या तोंडात सरकवले. मेणातले दात खायच्या कामाचे नसतात, ते नुसते मापाला. माप जमलं की मगच पक्की कवळी.

"म्हणा आबा, फिफ्टी फाइव्ह."

"पंचावन्न."

"पंचावन्न मला बी येतंय. फिफ्टी फाइव्ह."

"मी सत्तरी वलांडली गड्या. पंचावन्न कवाच मागं पडलं."

"आबा, चेष्टा नगं. दात लांब का आखूड, मला कळाया पायजे."

"मग फणस म्हणतो. त्यात बी फ हाय."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "फणसाला दात लागत न्हाईत. ओठावर ओठ आपटला की झाला फणस! इंग्रजी फ ला वरचे दात खालच्या ओठावर टेकत्यात. नीट टेकले तर दात मापात. ओठात रुतले तर लांब. तुमी भिंतीला ओळंबा लावता न्हवं? ह्यो माझा ओळंबा."

माझाच ओळंबा मला दाखवतो म्हणून राग आला. तरी म्हणून बघितलं. ओठ आपटले. "चावू नका, टेकवा," मिस्त्री म्हणाला. परत म्हटलं. "चावू नका, टेकवा." पाचव्या वेळेला बाकावरच्या दोन पोरी फिस्सकन हसल्या. मी दात काढले, त्याच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "तुझा फ तुझ्यापाशी ठेव." घरी येऊन दूध-भाकरी कुस्करून खाल्ली.

दहा दिवस गेलो नाही. सूनबाई म्हणाली, "मामा, एक आकडा तर म्हणायचाय." मी तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही. पण लग्न आठ दिवसांवर आलं तसा पापड डोळ्यांपुढं नाचायला लागला. शेवटी एका दुपारी निघालो. फिफ्टी फाइव्ह म्हणणार नव्हतो. भांडून पक्की कवळी करून घेणार होतो.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. घर मागच्याच बाजूला. वळून गेलो तर खिडकीतून आवाज आला, "फिफ्टी फाइव्ह." मिस्त्रीचाच. पण कसा? ओठावर ओठ आपटून, अगदी माझ्यासारखा! मी जागच्या जागी थांबलो. परत तोच आवाज, तीच चूक. म्हटलं, आता सापडलास.

"मिस्त्री! लोकांला अडवतोस आन तुला तरी कुठं येतंय रं?"

आत खाटेवर त्याची बायको बसली होती. जमीलाबाई. पोरींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, हे मला ऐकून माहीत होतं. दोन वर्षांमागं अंगावरून वारं गेलं, अर्धं अंग आणि वाचा त्यात गेली, हे माहीत नव्हतं. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं.

मिस्त्री उठून बाहेर आला. पहिल्यांदाच माझ्या तोंडात न बघता माझ्याकडं बघत होता.

"आबा, दात कसं बसवायचं ते मला वस्तादानं शिकवलं. बोलायचं सगळं हिनं. लग्न झाल्यावर मला आरशापुढं बसवायची." मग हळू म्हणाला, "मी नीट म्हटलं तर ती गप बसती. चुकलो की लय चिडती. डाव्या हातानं खाट वाजवती, ओठ दाताखाली धरून दाखवती, आन फ फ असा वारा काढती. तेवढाच आवाज निघतो तिचा. डाक्टर म्हणत्यात, निघंल तेवढा काढू द्या."

"मग चुकतोस मुद्दाम?"

"रोज. पर आता तिला कळलंय. परवापासनं माझ्याकडं बघत बी न्हाई. आवाज बी बंद." तो खांबाला टेकला. "शिकवणारी बाई हाय आबा. खोट्या चुकीला कशी फसंल?"

दुकानात गेलो, टेबलावरचे माझे मेणातले दात उचलले, पाण्यात बुचकळून तोंडात घातले आणि खाटेसमोरच्या स्टुलावर जाऊन बसलो.

"बाई," म्हटलं, "मला चौथीतनं काढलं हुतं. तवापासनं कुणाचं शिकवणं ऐकलं न्हाई. आज ऐकतो."

आणि म्हटलं. जीव लावून म्हटलं, खोटं काही केलं नाही. तरी फणसच निघाला.

बाईंची मान हळूच वळली. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की पाटी विसरून आलेल्या पोरासारखा मी ताठ बसलो. हात उचलला. खाट वाजली. ओठ दाताखाली गेला आणि वारा निघाला. "फ्फ."

परत चुकलो. परत खाट. आता जरा रागानं.

रोज गेलो. पाचव्या दिवशी फ आला. कवळी पक्की झाली. लग्नात पापड मोडला, व्याह्यानं मान वर केली, माझं काम झालं.

त्यानंतरच्या सोमवारी परत गेलो. फिफ्टी फाइव्ह म्हटलं, ते बरोबर आलं, आणि बाई नुसत्या बघत राहिल्या. हात खाटेवरच राहिला. मला मुद्दाम चुकायला जमत नाही. भिंत वाकडी बांध म्हटलं तरी माझा हात वळायचा नाही. मग मी स्टूल पुढं ओढलं.

"बाई, हे झालं. म्होरलं शिकवा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग वाकड्या ओठांतून जिभेचं टोक दातांमध्ये आणलं आणि एक नवाच आवाज काढला. मी म्हणून बघितला. साफ चुकला. खाट दणकन वाजली.

मिस्त्री दारात उभा होता. "तुमाला पानी आणतो," असं म्हणून तो माठाकडं गेला, आणि तांब्या भरून झाला तरी आमच्याकडं पाठ करून तिथंच उभा राहिला.