सत्तावीस इंची कावीळ

"मॉनिटर कसा घ्यावा, हे मले इचारा!"

उंद्रीच्या स्टँडवर चहाचा कप हातात धरून प्रेमानंद हे छाती ठोकून सांगत होता, तेव्हा त्यानं जन्मात एकही मॉनिटर स्वतः निवडलेला नव्हता. पण तयारी बघा! तीन आठवडे तो मोबाइलवर मॉनिटरचेच व्हिडिओ पाहत होता. जेवताना पाहायचा, दाढी करताना पाहायचा, एकदा तर अर्धी दाढी तशीच ठेवून लग्नाच्या शूटिंगला गेला. एका जागी बसेल तर शपथ! बसला की गुडघा हलायचा, उभा राहिला की चप्पल हलायची. रोज सकाळी एक मॉनिटर पक्का व्हायचा आणि संध्याकाळी बाद व्हायचा.

त्याची बायको सुवर्णा म्हणाली, "अहो, लोक पोरीसाठी पोरगा पाहतात तर एवढं पाहत नाहीत!"

"पोरगा बदलत नाही म्हून पाहत नाहीत. मॉनिटर दर महिन्याले नवा येते!"

प्रेमानंद लग्नाचे व्हिडिओ काढायचा. शूटिंग, काटछाट, वर गाणी चढवणं, सगळं एकहाती. जुन्या मॉनिटरचा डावा कोपरा काळा पडला होता, त्यामुळे गेल्या हंगामात डावीकडे बसलेले सगळे मामा त्यानं निव्वळ अंदाजानं एडिट केले होते. आता त्याला पाहिजे होते खरे रंग. शालू मरून असेल तर मरूनच दिसला पाहिजे, वांग्यासारखा नाही!

पण घरात कॉम्प्युटर एक आणि धनी दोन. सुवर्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर चौथीच्या वर्गाला "हळू बोला रे" सांगणारी ही बाई पाच वाजता घरी यायची, चहा घ्यायची, कानाला हेडफोन लावायची आणि बंदूक घेऊन गेममध्ये उतरायची. "मागं पाय, मागं! झुडपात हाये तो! सोडू नको त्याले!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शेजारच्या बेबीताई काठी घेऊन धावत आल्या होत्या. सुवर्णाला रंगाशी देणंघेणं नव्हतं. तिला पाहिजे होती चपळाई. जुन्या मॉनिटरवर शत्रू दिसायचा तो तिला मारून झाल्यावर!

शेवटी दोघं चिखलीला दीपकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. प्रेमानंदनं पेनड्राइव्हमध्ये अकरा शालूंचे फोटो नेले होते, सुवर्णानं पर्समध्ये घरचा माउस. त्यानं प्रत्येक मॉनिटरवर अकरा शालू उलगडले. तिनं प्रत्येक मॉनिटरवर माउस गरागरा फिरवला. हा म्हणे रंग फिका, ती म्हणे चाल मंद. तीन तासांनी दीपक स्टुलावर बसला आणि हात जोडून म्हणाला,

"भाऊ, तुमी मॉनिटर घेऊन राह्यले का लग्नाचा बस्ता?"

मग त्यानं आतून सत्तावीस इंची एक खोकं काढलं. "हे घ्या. रंग बी खरे, चाल बी चपळ. फक्त याच्यात दोन मोड हायेत. एक कामाचा, एक गेमचा. गेमच्या मोडमंधी अंधारातलं साफ दिसते, पण सगळं निळं मारते. मागच्या बटणानं बदलते. काम कराच्या आधी तेवढं..."

"मले शिकवतू का बे?" प्रेमानंद म्हणाला. "तीन आठवडे झाले अभ्यास करून राह्यलो!"

रविवारी सकाळी सुवर्णा नव्या मॉनिटरवर मन भरून खेळली आणि दुपारी प्रेमानंद कामाला बसला. काम होतं साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या व्हिडिओचं. मुलगा साखरखेर्ड्याचा रवी, मुलगी धामणगाव बढ्याची धम्मशीला. लग्न तीन आठवड्यांवर. पडद्यावर रवी आला आणि प्रेमानंद दचकला. पोरगा निळा! पहाटे विहिरीत पोहून आल्यासारखा!

मागच्या बटणाची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. उलट तो खूश झाला. "पाह्यलं? स्टेजच्या मांगचा निळा पडदा तोंडावर पडला. जुन्या मॉनिटरवर हे दिसलंच नसतं!"

मग त्यानं रवीच्या तोंडाभोवती बारीक गोल आखला आणि निळं मरेपर्यंत त्यात पिवळा रंग ओतला. दोन तास ओतला. रवी असा गुलाबी झाला की प्रेमानंदलाच त्याची दृष्ट काढावीशी वाटली. धम्मशीला दिव्याच्या उजेडात बसली होती, ती बरी दिसत होती. बाकीचे पाहुणे राहिले तसेच निळे. साक्षगंधात त्यांना पाहतं कोण? आणि व्हिडिओ दोन्ही घरच्या मोबाइलवर रवाना झाला.

पुढचं सगळं प्रेमानंदला मागाहून कळलं.

धामणगावात धम्मशीलाचे वडील इंद्रभान सगळ्या घरादारासोबत व्हिडिओ पाहत होते. त्यांची मोठी बहीण झुंबरबाई काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायची. चार गावांचे लोक तिच्याकडे यायचे. तिनं मोबाइल नाकापाशी धरला आणि ओरडली,

"थांबव! पोराचे कान पाय. डोळे पाय. कावीळ हाये!"

"अक्का, साक्षगंधात तर चांगला होता!"

"तवा उजेडात दिसली नाही. कॅमेऱ्यापासून काही लपते का?"

सगळ्यांनी पाहिलं. धम्मशीला गव्हाळ, पाहुणे आपापल्या रंगाचे आणि मधोमध रवी, पिकल्या केळासारखा!

इंद्रभान भला माणूस. त्यांनी साखरखेर्ड्याला फोन लावला आणि रवीच्या आईला, सिंधूताईंना, आडून विचारलं, "रवीची तब्येत कशी हाये? जेवण जाते ना?"

"जातं की. काहून?"

"काही नाही. तेल-तिखट जरा कमी द्या म्हटलं."

सिंधूताईंनी फोन ठेवला आणि घरात सांगितलं, "आजून लग्न नाही झालं अन् माझ्या पोराच्या ताटावर यांची नजर!"

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई स्वतः एसटीनं साखरखेर्ड्याला पोचली. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात उसाची मोळी! रवी अंगणात गाडी धूत होता. तिनं त्याची खालची पापणी ओढून पाहिली. डोळा पांढराशुभ्र.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "वरून दिसत नाही. आत मुरली!"

रवीनं तपासणी करून आणली. रिपोर्ट स्वच्छ. पण रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून झुंबरबाई थोडीच मागं हटणार! होणाऱ्या बायकोच्या आत्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून रवी चार दिवस ते कडू औषध पीत राहिला. तोंड कडू पडल्यानं जेवेना. जेवेना म्हणून वाळला. वाळला तशी धामणगावाची खात्रीच पटली! तिकडे सिंधूताईंनी निरोप धाडला, "सोयरीक मोडायची असंल तर सरळ सांगा. पोरात खोट काढू नका!"

शनिवारची अर्धी शाळा सुटायच्या सुमाराला इंद्रभान मोटारसायकलवर उंद्रीत आले. जय भीम झाला. पाणीसुद्धा न पिता त्यांनी मोबाइल पुढं धरला.

"प्रेमानंदभाऊ, कॅमेरा तुमचा. खरं सांगा. पोरगा पिवळा हाये का नाही?"

प्रेमानंदनं पाहिलं आणि त्याचा गुडघा हलायला लागला. पोरगा पिवळाच होता! पण तीन आठवड्यांचा अभ्यास मदतीला धावला.

"दादा, मोबाइलचं काय खरं! रंग पाहाचा तर इथं पाहा!" आणि त्यानं ऐटीत मॉनिटर चालू केला. मॉनिटर आठवडाभर गेमच्याच मोडवर होता. रवी पडद्यावर आला. डाळिंबाच्या दाण्यासारखा गुलाबी!

"पाहा! हाये का कावीळ?"

इंद्रभान एकदा मोबाइल पाहत, एकदा मॉनिटर. त्यांचा राग उतरायच्या ऐवजी चढला.

"म्हंजे साखरखेर्ड्यावाल्याईनं तुले सांगतलं! पोराले वरून रंग मारून दे म्हून! अन् चुकून बिनारंगाचा व्हिडिओ माह्याकडं आला!"

"दादा, व्हिडिओ एकच हाये!"

"एकच हाये तर तुह्या घरी गुलाबी अन् माह्या घरी पिवळा कसा बे? माह्या पोरीच्या जल्माचा सवाल हाये! आज मोडतो हे सोयरीक!" आणि त्यांनी साखरखेर्ड्याचा नंबर काढला.

प्रेमानंद उठला, बसला, पुन्हा उठला. केबल काढली, लावली. एका पोरीचं लग्न आपल्या टेबलावर मोडून राह्यलं, एवढंच त्याला कळत होतं.

तेवढ्यात सुवर्णा शाळेतून आली. खांद्यावरची पिशवी न उतरवता तिनं सगळं ऐकलं. मोबाइल पाहिला. मॉनिटर पाहिला. मग नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू चौथीतल्या पोरानं सातचा पाढा चुकवलाय. हात मागं घालून तिनं बटण दाबलं.

टक! रवी पिवळा.

"अबबब!" इंद्रभान मागं सरकले.

टक! रवी गुलाबी. टक! रवी पिवळा.

"ह्या बाई तर बटणानं कावीळ लावतेत अन् काढतेत!"

"दादा, फोन ठेवा आधी," सुवर्णा म्हणाली. "निळा गॉगल लावून भिंत रंगवाले बसलं तर काय होईन? यायनं तेच केलं. माह्या गेमच्या मोडमंधी तुमचा जावई रंगवला. हे पाहा, कॅमेऱ्यातला मूळचा." तिनं कामाचा मोड लावून रंगकाम न केलेला व्हिडिओ उघडला. रवी होता तसा दिसला. सावळा, तरतरीत, जरा लाजलेला.

इंद्रभाननी खूप वेळ पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

"सावळा हाये," ते म्हणाले. "असू दे. आपण कुठं गोरे हाओत!"

सोमवारी प्रेमानंद स्वतः साखरखेर्ड्याला गेला आणि दारातच कान धरले. सिंधूताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत गेल्या आणि पेलाभर औषध घेऊन आल्या.

"माझ्या पोरानं चार दिवस पेलंय. तुमी एकच पेला घ्या."

प्रेमानंदनं घेतला. घरी येईपर्यंत जीभ तोंडात मावत नव्हती. त्याच दिवशी त्यानं कामाचा मोड तीनतीनदा तपासला, व्हिडिओ नव्यानं केला आणि दोन्ही घरी धाडला. गैरसमज मिटला आणि लग्न ठरल्या तारखेला लागलं.

मांडवात प्रेमानंद कॅमेरा घेऊन फिरत होता. स्टेजजवळ बायकांचा घोळका दिसला. मधोमध झुंबरबाई, हातात मोबाइल!

"हा पह्यला व्हिडिओ. कसा पिवळाजर्द! अन् हा दुसरा, माह्या औषधाच्या नंतरचा. हाये कुठं कावीळ? आठ दिवसात उतरवली!"

बायका थक्क होऊन पाहत होत्या. दोघीतिघींनी तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगूनही टाकलं. प्रेमानंद घाईघाईनं इंद्रभानपाशी गेला.

"दादा, अक्काले तुमी सांगतलं नाही का?"

"दोन डाव सांगतलं," इंद्रभान हळूच म्हणाले. "ते म्हणते, मॉनिटरनं कुठं कावीळ उतरते का!"

प्रेमानंद बोलायला तोंड उघडणार, तोच सुवर्णानं मागून त्याचा शर्ट ओढला. आणि झुंबरबाईची नजर त्याच्यावर पडली.

"ये बे, कॅमेरावाल्या! इकडं ये. हे बी घे तुह्या व्हिडिओत. अन् रंग बराबर घेजो बरं! लोकाईले इश्वास बसला पाह्यजे!"

प्रेमानंदनं मुकाट्यानं कॅमेरा तिच्यावर धरला.