दाताची कॅप्सूल

कारेलीबागेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये उदयसिंहराव जेवून उठले, हिरड्यांच्या इन्फेक्शनवरची कॅप्सूल उरलेल्या ताकाच्या घोटाबरोबर गिळली आणि पलंगावर आडवे झाले.

"अहो, दातांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?" कुसुमावतींनी स्वयंपाकघरातून विचारलं. "डॉक्सीसायक्लिन आहे ती. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास ताठ बसायचं. दूध-ताक तिच्या आसपास नाही आणि उन्हात फिरायचं नाही."

"दाताचं औषध आहे. त्याला माझ्या झोपण्याशी काय करायचंय?"

बायकोकडून सूचना घेणं हे त्यांच्या खानदानात बसत नव्हतं. पणजोबा सरकारी फौजेत होते, त्यामुळे ताठ बसणं रक्तातच आहे, वेगळं बसायची गरज नाही, असंही त्यांनी ऐकवलं. त्याच सकाळी ते खंडेराव मार्केटात भर उन्हात वांगी निवडत तासभर उभे होते. परतले तेव्हा तोंड टोमॅटोसारखं झालं होतं.

तासाभरानं त्यांना जाग आली ती छातीच्या मधोमध कुणी निखारा ठेवल्यासारख्या जळजळीनं. थुंकी गिळली तरी कळ पाठीपर्यंत जात होती.

"कुसुम," ते कसेबसे म्हणाले, "आलं वाटतं बोलावणं."

शेजारचे परेशभाई धावत आले. "काका, शूं थयूं? अरे बाप रे, चेहरा तर लालचोळ! बीपी छे, काकी, नक्की बीपी!" त्यांनी उदयसिंहरावांना आहे त्या लेंग्यावर गाडीत घातलं. सोसायटीच्या फाटकापर्यंत बातमी हार्ट अटॅकची झाली होती, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत दुसऱ्या अटॅकची.

गाडीत उदयसिंहरावांनी डोळे मिटले. मरायला त्यांची हरकत नव्हती, पण थोरल्या भावाशी, जयसिंगरावांशी, ते नऊ वर्षं बोलले नव्हते. पुतणीच्या, शिवांगीच्या, लग्नपत्रिकेत काका म्हणून त्यांचं नाव नव्हतं. छापखान्याची चूक, असं दादांनी कळवलं होतं. तरी ते रुसून लग्नाला गेले नाहीत. लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलेल्या पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या नाहीत.

"दादाला बोलाव," ते शेजारी बसलेल्या कुसुमावतींना म्हणाले.

लहरीपुऱ्याहून जयसिंगराव रिक्षानं थेट दवाखान्यात पोचले. उदयसिंहरावांच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावलेल्या पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"दादा, चुकलो मी," उदयसिंहरावांनी त्यांचा हात धरला. "एका छापखान्याच्या चुकीपायी पोरीच्या लग्नाला आलो नाही. माफ कर."

जयसिंगरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माफी कसली मागतोस, उदय? छापखान्यानं काही केलं नव्हतं. नाव मीच काढलं. माझ्या साठीला तू आला नाहीस, त्याचा राग होता."

उदयसिंहरावांनी हात सोडला. नऊ वर्षं त्यांचं मन त्यांना खात आलं होतं, आणि चूक मुळात यांची! तेवढ्यात पडदा सरकला आणि डॉक्टर अवंती कागद घेऊन आत आली.

"काका, हृदय छान आहे. कुठली गोळी घेता का सध्या?"

"दातासाठी एक कॅप्सूल," कुसुमावती म्हणाल्या. "ताकाच्या घोटाबरोबर घेतात आणि लगेच झोपतात. आज तिसरा दिवस."

"तिथंच घोळ झाला. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून विरघळली, आतली कातडी भाजली."

"पण ती तर दाताची!" उदयसिंहराव म्हणाले.

"दाताची गोळीसुद्धा घशातूनच खाली जाते, काका. आणि तोंड लाल झालंय ते उन्हानं. या औषधावर ऊन लवकर लागतं. शिवाय दूध-ताकाबरोबर ती पुरेशी लागूही पडत नाही." तिनं दातांच्या डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घेतलं. "आता हे सात दिवस, पूर्ण. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. आणि रोज पेलाभर पाणी घेऊन ताठ बसायचं."

"माझं ऐकत नाहीत हे," कुसुमावती म्हणाल्या.

"मी येऊन बसवतो," जयसिंगराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खरोखरच आले. दोघं भाऊ समोरासमोर ताठ बसले. अर्धा तास कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी जयसिंगरावांनी मोबाइलवर लग्नाचा एक फोटो उघडून पुढं धरला. शिवांगीच्या डावीकडं माणूसभर जागा मोकळी होती.

"इथं कुणाला उभंच राहू देईना. काका उशिरा येईल म्हणे."

उदयसिंहरावांनी बराच वेळ फोटो पाहिला. मग हळूच विचारलं, "ही साडी कुठनं घेतली होती रे?"

त्या दिवशी अर्धा तास उलटून गेला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

सात दिवसांचा कोर्स पुरा झाला. आठव्या दिवशी दुपारी बेल वाजली. उदयसिंहरावांनी दार उघडलं.

"दादा, गोळ्या काल संपल्या."

"मला मोजता येतं," जयसिंगराव चपला काढत म्हणाले. "आत घेतोस की नाही?"