एका घराचं एक मत

“या रविवारी मुकुल बेहेरेची बोलती बंद नाही केली, तर नाव बदलीन!” दाढी करता करता श्याम आगाशे आरशातल्या स्वतःला बजावत होते. आरशातल्या श्यामरावांनी जोरात मान हलवली. घरात त्यांच्याशी इतकं चटकन सहमत होणारं हल्ली तेवढंच एक माणूस उरलं होतं.

आता हा मुकुल बेहेरे कोण, ते सांगायला हवं. मांडवीला प्रभावतीताई जाधवांच्या पडवीत दर रविवारी संध्याकाळी जुन्या सिनेमांच्या वेड्यांची बैठक भरते. प्रभावतीताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसता चष्मा काढला तरी अजून भलेभले गप्प होतात. त्या सांगतील तो जुना सिनेमा आठवडाभरात सगळ्यांनी आपापल्या घरी बघायचा आणि रविवारी पडवीत येऊन मत मांडायचं. चहा आणि कांदाभजी ताईंकडून. नियम एकच, एका घराचं एक मत! नवरा-बायको दोघंही बोलायला लागली तर भजी गार होतील, म्हणून हा नियम सुरुवातीलाच खुद्द श्यामरावांनी सुचवला होता. त्यामुळे आगाशांच्या घरचं मत श्यामराव मांडायचे आणि उल्कावहिनी शेजारी बसून भजी खायच्या.

श्यामरावांची मतं ठरलेली असत. “संगीत श्रवणीय, अभिनय उत्तम, मध्यंतरानंतर जरा लांबलाय.” कुठल्याही सिनेमाला हे मत चालायचं आणि पडवी माना डोलवायची. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात देवरूखला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मुकुलराव मांडवीत राहायला आले. एकटा जीव, हातात भरपूर वेळ, अंगात खादीचा झब्बा!

पहिल्याच रविवारी ते हळूच म्हणाले, “नायिका अख्ख्या सिनेमात फक्त स्वयंपाकघरात रडते, बघितलंत? एवढ्या मोठ्या बंगल्यात तिला रडायला दुसरी जागाच नाही.”

श्यामरावांच्या शेजारून उल्कावहिनी म्हणाल्या, “वा!”

श्यामरावांना ठसका लागला. लग्न झाल्यापासून त्यांच्या वाट्याला असा ‘वा’ एकदाच आला होता, आणि तोही पंखा दुरुस्त केल्याबद्दल! पुढच्या रविवारी मुकुलराव म्हणाले, “खलनायक सारखा दारू पितो. पण ते ग्लास विसळतं कोण?” पुन्हा ‘वा!’ त्याच्या पुढच्या रविवारी तर वहिनींनी टाळी वाजवली. श्यामरावांच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊनही थांबेना. त्यांना बैठकीतला मान नको होता, भजीसुद्धा नको होती. त्यांना बायकोचा एक ‘वा’ हवा होता, आणि तो दर रविवारी दुसराच माणूस घेऊन जात होता.

“त्या मुकुलमध्ये एवढं काय बघितलंस तू?” घरी जाताना स्कूटरवर त्यांनी मान न वळवता विचारलं.

“अहो, माणूस ऐकून घेतो हो.”

“कुठे ऐकून घेतो?”

“बाजारात भेटतात ना! भाजी घेता घेता गप्पा होतात.”

स्कूटर खड्ड्यात गेली. बाजारात! गप्पा! भाजी घेता घेता! दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामरावांनी खुंटीवरची पिशवी काढून जाहीर केलं, “आजपासून बाजार मी करणार.”

“तुम्ही? तुम्हाला पडवळ आणि दुधी यातला फरक तरी कळतो का?”

“शिकेन!”

आणि खरंच गेले. त्या आठवड्यात आगाशांच्या घरी रोज भोपळा आला, कारण भोपळा ओळखायला सोपा. मुकुलराव बाजारात दिसले की श्यामराव नारळवाल्याच्या आड उभे राहायचे. मुकुलराव बिचारे रिकामी पिशवी घेऊन मेथीच्या जुड्यांपाशी घुटमळत, इकडेतिकडे बघत आणि हिरमुसून घरी जात. ते पाहून श्यामरावांचा भोपळा गोड व्हायचा.

त्या आठवड्याचा सिनेमा होता ‘सोनचाफ्याची शपथ’. काळा-पांढरा, खूप जुना. श्यामरावांनी ठरवलं, या वेळी असं काहीतरी खोल शोधून काढायचं की मुकुल बुडालाच पाहिजे. उल्कावहिनी म्हणाल्या, “या, मिळून बघू. मी भाकऱ्या नंतर टाकते.”

“नको!” श्यामराव कडाडले. न जाणो, आपले मुद्दे हिच्या तोंडून तिकडे गेले तर? ते दुपारी खोलीत गेले, कडी लावली आणि टीव्हीवर सिनेमा शोधला. कुणा भल्या माणसाने तो तुकड्यातुकड्यांत चढवून ठेवला होता. बारीक अक्षरं वाचायला लागणारा चष्मा बाहेर उल्कावहिनींच्या शेजारी राहिला होता, आणि कडी काढणं म्हणजे हार मानणं! वर जो दिसला तो तुकडा त्यांनी दाबला. पुढचे टीव्ही आपोआप लावत गेला.

सुरुवातच भांडणाने झाली. ओळख नाही, पाळख नाही, एकदम भांडण! मग नायिका खोकायला लागली, मग मेली, नायकाने चितेपाशी हंबरडा फोडला आणि पडद्यावर पाटी आली, ‘समाप्त’.

श्यामराव गोंधळले. एरवी त्यांनी सरळ टीव्ही बंद केला असता. पण मत्सराने पेटलेल्या माणसाला प्रत्येक न कळलेली गोष्ट खोल वाटते. तेवढ्यात तीच नायिका बोहल्यावर उभी! त्यानंतर सिनेमाची नावं, आणि मग ती लहान होऊन वेण्या घालून शाळेत निघालेली! श्यामराव खुर्चीतून उठले. “अरे, काय दिग्दर्शक आहे! बाप माणूस!”

रविवारी पडवीत ताईंनी विचारलं, “आज कोण सुरुवात करतंय?” श्यामरावांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

“मंडळी,” ते उभेच राहिले, “मृत्यूपासून सुरू होऊन बालपणाकडे जाणारा सिनेमा मी आजवर पाहिला नव्हता! ‘समाप्त’ची पाटी आधी, आणि आयुष्य नंतर! काय हे धाडस!”

उल्कावहिनींनी त्यांचा शर्ट मागून ओढला. बायको भारावली, असं समजून श्यामरावांनी आवाज आणखी चढवला. “आणि नावं शेवटाकडे! म्हणजे आधी काम, मग नाव! हा संस्कार आहे, मंडळी!”

कोपऱ्यात एस.टी.तून निवृत्त झालेले भिवा कांबळे बसले होते. त्यांनी भजं बशीत परत ठेवलं. “काय सांगताव, श्यामराव! मी बघितला त्यात ती बाय शेवटाला मेली. मेल्यावर परत शालेत कशी जाईल?”

“भिवाभाऊ, तुम्ही कापलेली प्रत पाहिलीत! मी मूळ प्रतीविषयी बोलतोय.”

“मूल प्रतीत माणसं उलटी जगतात काय?”

ठिणगी पडली. श्यामराव लाल झाले, भिवाभाऊ पेटले, भजी गार झाली. आणि तेवढ्यात झब्बा सावरत मुकुलराव म्हणाले, “मला श्यामरावांचं पटतं. ती उलटी मांडणी मलाही फार भिडली.”

श्यामरावांचे कान तृप्त झाले. मुकुल बेहेरे आपल्यामागून बोलतोय! त्यांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. उल्कावहिनींनी कपाळाला हात लावला होता.

प्रभावतीताईंनी चष्मा काढला. मग पुन्हा लावला आणि पडवीतूनच दिसणारा माजघरातला टीव्ही सुरू केला. पडद्यावर तुकडे आले. सगळ्यांत वर ‘भाग तिसरा’, त्याखाली ‘दुसरा’, तळाला ‘पहिला’.

“श्यामराव,” ताई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही सिनेमा खालून वर चढायच्या ऐवजी वरून खाली उतरलात.”

पडवी हसली. भिवाभाऊ तर डोळे पुसत होते. श्यामरावांना जमीन दुभंगली तर बरं होईल असं वाटलं. पण ताईंची नजर तोवर झब्ब्याकडे वळली होती.

“आणि बेहेरे सर, तुम्हालाही उलटी मांडणी भिडली?”

मुकुलराव चुळबुळले. “ताई, खरं सांगू? मला जुने सिनेमे बघवतच नाहीत. पहिल्या गाण्यालाच झोप लागते.”

“मग दर रविवारची ती मतं?”

“ती सगळी उल्कावहिनींची! बाजारात ऐकायचो आणि इथे सांगायचो. या आठवड्यात वहिनी बाजारात आल्याच नाहीत हो! रोज मेथीपाशी वाट बघितली. शेवटी श्यामरावांच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, एकाच घरातलं मत, चांगलंच असणार!”

श्यामरावांनी बायकोकडे पाहिलं. “तुझी मतं? ते स्वयंपाकघरातलं रडणं? ते ग्लास विसळणं?”

“माझीच.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“दर वेळी आधी तुम्हालाच सांगितलं,” उल्कावहिनी म्हणाल्या. त्या अजिबात हसत नव्हत्या. “तुम्ही पेपर वाचत ‘हं’ म्हणालात. इथे बोलायचं तर तुमचा नियम. निदान दुसऱ्याच्या तोंडून माझं मत ऐकू आलं की मीच मला ‘वा’ म्हणून घ्यायचे.”

इतके रविवार ज्याच्यावर जळलो, ते सगळं आपल्याच घरात शिजत होतं, आणि आपण साधं ताटसुद्धा पुढे केलं नाही! श्यामरावांना फार वाईट वाटलं. “ताई, माझा तो नियम रद्द करा,” ते कसेबसे म्हणाले.

“छे छे! चांगला नियम आहे,” ताई म्हणाल्या. “एका घराचं एक मत. फक्त आगाशांच्या घरचं मत आजपासून उल्काताई देतील.”

आणि उल्कावहिनी बोलल्या. अशा बोलल्या, की भिवाभाऊंनी दुसरं भजं उचललंच नाही. वहिनींचं बोलून संपलं तेव्हा पडवीतला पहिला ‘वा!’ श्यामरावांचा होता, आणि तो मनापासून होता.

पण मनापासून म्हणजे कायमचा नव्हे! दोन-तीन रविवार नुसती भजी खाल्ल्यावर श्यामरावांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. शेवटी एके सकाळी ते पिशवी घेऊन बाजारात गेले. मेथीच्या जुड्यांपाशी मुकुलराव उभे होतेच. श्यामरावांनी आजूबाजूला पाहिलं, त्यांच्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मुकुलराव, या आठवड्याच्या सिनेमाबद्दल माझं एक मत आहे. रविवारी तुम्ही सांगाल का?”

मुकुलरावांनी मेथीची जुडी खाली ठेवली. “सांगतो की! पण आधी मला सांगा, सिनेमा या वेळी कुठल्या टोकाकडून बघितलात?”