वॉर्डवेल गावातून डोंगर दिसत नाही

अ‍ॅल्डन व्हिचर याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माउंट पेलेग हा डोंगर दिसतो, अशी नोंद न्यू हॅम्पशर राज्यातल्या वॉर्डवेल गावाच्या कर-पुस्तकात ऑगस्ट महिन्यात करण्यात आली. नोंद दोन शब्दांची होती: 'दृश्य: उत्तम'. या दोन शब्दांनी घराची किंमत वाढली आणि किमतीबरोबर घराचा करही वाढला. डोंगर होता तेवढाच राहिला.

अ‍ॅल्डनला कर भरायचं दुःख नव्हतं. निदान तो तसं सांगायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की जे करायचं ते नियमानं करा. चाळीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. गावाबाहेरच्या ज्या रुळांवरून त्याच्या तरुणपणानंतर एकही आगगाडी गेली नव्हती, त्या रुळांपाशीही तो रोज दोनदा बस थांबवायचा, दार उघडायचा आणि गाडीचा आवाज येतो का ते ऐकायचा. रुळांमध्ये बर्चची झाडं वाढली, तरी तो थांबायचा. अशा माणसाला गावाने डोंगराचं बिल पाठवलं.

कर कमी करून मागायचा अर्ज करता येतो, आणि त्यावर खरं सांगतो म्हणून शपथेची सही करावी लागते. खिडकीतून डोंगर दिसत नाही, असं अ‍ॅल्डनला लिहायचं होतं. पण खोटी सही करणं त्याच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्याने आधी प्लायवूडची एक अख्खी फळी आणून खिडकीवर बाहेरून ठोकली, आत येऊन नीट पाहिलं, डोंगर खरोखरच दिसत नाही याची खात्री केली, आणि मग सही केली.

त्याची बायको क्लॉडेट कॉफीचा मग घेऊन अंधारात उभी होती. लग्न झालं त्या वर्षी घरात पुरेसे पैसे नव्हते, तेव्हा अ‍ॅल्डनने भिंत कापून तिला ही खिडकी करून दिली होती. दार त्यानंतर बसवलं. गेली त्रेचाळीस वर्षं तिची सकाळ त्या खिडकीत उगवत होती.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सुनावणी होईपर्यंत."

"थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत ही फळी निघाली नाही, तर मी मँचेस्टरला ताईकडे जाईन. सांगून ठेवते."

मँचेस्टर हे त्याच राज्यातलं शहर. अ‍ॅल्डनला वाटलं, ती चेष्टा करते आहे. त्रेचाळीस वर्षांत तिची चेष्टा त्याला एकदाही ओळखता आली नव्हती, आणि तिचा राग तर त्याहून नाही.

गावाचा कारभार पाहणाऱ्या तीन निवडून आलेल्या पंचांनी अर्ज फेटाळला. फळीमुळे दृश्य बदलत नाही, फक्त झाकलं जातं, असा शेरा मारला. अ‍ॅल्डनला तो शेरा झोंबला. हा शेरा मारणारे तुम्ही कोण, असा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि आला तो शब्दशः आला. दुसऱ्या दिवशी तो गावाच्या कचेरीत ग्लेंडा टिबेट्सपुढे जाऊन उभा राहिला. ग्लेंडा गावाची कारकून, आणि पहिलीपासून त्याच्या वर्गातली.

"ग्लेंडा, मला तिन्ही पंचांच्या शपथा बघायच्यात. सही केलेल्या. आणि जामीनपत्रं."

"शपथ घेतली की त्यांनी. मार्चच्या सभेत, तुझ्याच डोळ्यांदेखत. तू बीन्सच्या रांगेत पहिला होतास."

"पुस्तकात सही केलेली दाखव."

ग्लेंडाने पुस्तक काढलं. पुस्तक काढायला वेळ लागला, कारण खिडकी उघडी राहावी म्हणून ते वर सरकवलेल्या तावदानाखाली टेकू म्हणून लावलेलं होतं.

इथे वॉर्डवेलची एक पद्धत सांगायला हवी. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावाची सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरते, आणि दुपारी चर्चच्या बायका बीन्स आणि काळा पाव वाढतात. निवडून आलेल्यांचा शपथविधी बीन्सच्या भांड्याचं झाकण निघण्याआधी उरकतात. सगळे एकदम हात वर करतात, सभापती एका श्वासात शपथ वाचतो, सगळे 'हो' म्हणतात आणि रांगेत पळतात. त्यानंतर कारकुनाच्या पुस्तकात सही करायची असते. पण तोवर बीन्स निवतात. त्यामुळे सही कुणीच केलेली नव्हती, ना यंदा, ना गेली कित्येक वर्षं. शाळेच्या मुलांनी काढलेल्या चित्रफितीत तर मुख्य पंच रॉजर बॅचेल्डर डावा हात वर करून शपथ घेताना स्पष्ट दिसत होता. उजव्या हातात थाळी होती.

अ‍ॅल्डनने ही चित्रफीत गावाला दाखवली. दोन आठवड्यांत वॉर्डवेलच्या अंगणांत 'शपथ दाखवा' असे फलक उभे राहिले. डोंगराचं बिल सगळ्यांनाच आलं होतं. गावातली माणसं एकमेकांना भेटली की हवापाण्याऐवजी कलम आणि पोटकलम बोलू लागली. ज्यांनी जन्मात संविधान उघडलं नव्हतं, ते आता संविधान खिशात घेऊन फिरू लागले. बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या चालकाला तर लोकांनी भर चौकात थांबवून त्याची शपथ मागितली. त्याने लायसन्स दाखवलं. ते पुरेसं धरलं गेलं नाही.

गावाच्या वकिलाने फोनवर कबूल केलं, की माणूस विक्षिप्त असला तरी मुद्दा बिनतोड आहे. सही नाही म्हणजे शपथ नाही, शपथ नाही म्हणजे पद नाही. पंच, कारकून, खजिनदार, सगळ्यांची पदं रिकामी. पुढच्या मार्चपर्यंत गावाचा कारभार, ज्याची शपथ पुस्तकात आहे असा जो कुणी अधिकारी उरला असेल, त्याने पाहावा.

ग्लेंडाने मागची सगळी पुस्तकं चाळली. असा एक अधिकारी निघाला.

वॉर्डवेलमध्ये जुनी चाल आहे. ज्या जोडप्याचं त्या वर्षी लग्न झालं असेल, त्यातल्या नवऱ्याला भर सभेत वराहपाल म्हणून निवडायचं. मोकाट डुकरं पकडून कोंडवाड्यात घालणं हे या पदाचं काम. गावात मोकाट डुकरं नाहीत, कोंडवाडाही नाही. लोक टाळ्या वाजवतात, नवरी लाजते, आणि विषय संपतो. पण त्रेचाळीस वर्षांपूर्वी निवडलेला वराहपाल बीन्सच्या रांगेत न जाता कारकुनाच्या टेबलापाशी गेला होता. त्याने उजवा हात वर करून शपथ घेतली, सही केली, आणि सासऱ्याला जामीन ठेवून पन्नास डॉलरचं जामीनपत्रही दिलं. मुदत लिहिली होती, 'दुसरा वराहपाल शपथ घेईपर्यंत'. पुढच्या चाळीसेक नवऱ्यांपैकी एकानेही शपथ घेतली नव्हती.

"अभिनंदन," ग्लेंडा म्हणाली, आणि चाव्यांचा जुडगा तिने अ‍ॅल्डनपुढे ठेवला. "आता गाव तुझं, वराहपाल."

पदं गेल्याचं दुःख अधिकारी करतील, अशी लोकांची अपेक्षा होती. रॉजर बॅचेल्डर अकरा वर्षांत प्रथमच फ्लोरिडाला गेला, आणि जाताना त्याने वराहपालाला मिठी मारली. खजिनदार सासुरवाडीला गेला. ग्लेंडा कचेरीत येत राहिली, पण ती विणकाम करत बसायची. काही विचारलं तर सुई वर करून सांगायची, की तिच्या उत्तराला कायद्याचा आधार राहिलेला नाही.

मग कुत्र्यांचे परवाने वराहपालाकडे आले. रस्त्यावर टाकायचं मीठ, कचरा-केंद्राचे पास, स्मशानाच्या फाटकाची किल्ली आणि दोन शेजाऱ्यांचं एका मेपलच्या झाडावरून चाललेलं जुनं भांडणही आलं. अ‍ॅल्डन सगळं नियमाने करू लागला, म्हणजे काहीच होईना. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने कचेरीच्या दारावर पाटी लावली: 'अर्ज मंगळवारी नऊ ते अकरा. सोबत मूळ कागद आणावेत.' ती लावताना त्याला आत कुठेतरी फार बरं वाटलं.

आणि मग कर-पुस्तक आलं. पंचांची पदंच गेल्यामुळे त्यांनी केलेलं जुनं रद्द झालं होतं. नव्यात घराघराचं दृश्य वराहपालाने आपल्या शपथेवर नोंदवायचं होतं.

वॉर्डवेलची माणसं प्रामाणिक आहेत, याची इथे ग्वाही दिली पाहिजे. कुणीही खोटं बोललं नाही. अ‍ॅल्डनने घालून दिलेल्या वाटेने सगळे गेले. आधी प्लायवूड, मग शपथ. गावातल्या दुकानातला प्लायवूड तीन दिवसांत संपला, तेव्हा लोकांनी जुनी दारं, तबेल्याच्या फळ्या, एकाने तर पिंगपाँगचं टेबल खिडकीला ठोकलं. मंगळवारी नऊ ते अकरा रांग लागू लागली. उजवा हात वर करून एकेक जण सांगायचा, की त्याच्या घरातून डोंगर दिसत नाही. वराहपाल लिहायचा, 'दृश्य: नाही'. एकूण चारशे बारा घरं झाली. पाद्र्यांनी हात वर करताना जरा खोकला काढला, पण तो नोंदीत घेतला नाही.

नोव्हेंबरमध्ये, पानगळ पाहायला येणाऱ्या सहलींचा नकाशा छापणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. गावाच्या अधिकृत दप्तरानुसार वॉर्डवेलमधल्या एकाही घरातून माउंट पेलेग दिसत नसल्याने, पुढच्या वर्षापासून नकाशात गावापुढचं डोंगराचं चित्र काढून टाकण्यात येत आहे. अ‍ॅल्डनने पोच दिली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी क्लॉडेटने गाडीत बॅग ठेवली.

"अगं, चारशे बारा घरांची नोंद झाली आहे," अ‍ॅल्डन म्हणाला. "आता आपलीच फळी काढली तर मी काय तोंड दाखवू? थोडे दिवस थांब."

"तुला आठवतं, ताईच्या खिडकीतून काय दिसतं?"

"टायरचं दुकान."

"हो. पण दिसतं," ती म्हणाली, आणि गेली.

त्या हिवाळ्यात अ‍ॅल्डन दिवसाही दिवा लावून जेवायचा. थँक्सगिव्हिंगला करायची टर्कीही डब्यातली होती. समोरच्या प्लायवूडवर एक गाठ होती. तो तिच्याकडे बघत बसायचा, आणि कधी कधी त्याला ती डोंगरासारखी दिसायची. मग तो नजर काढून घ्यायचा, कारण तशी नोंद नव्हती. त्याला क्लॉडेटची आठवण फार यायची. फोनवर तो तिला मिठाच्या निविदांविषयी सांगायचा.

मार्चचा दुसरा मंगळवार आला. सभेला सगळं गाव आलं. नवे पंच कोण होणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी थाळ्यांत पाहिलं. यंदा सही करावी लागणार हे कळलं होतं. मागच्या रांगेतून क्लॉडेट उठली. मँचेस्टरहून ती पहाटेच निघाली होती.

"मला वराहपालांना एक विचारायचंय," ती म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय ते तुम्ही आपल्या शपथेवर लिहिलंय ना?"

"हो," अ‍ॅल्डन म्हणाला.

"मग ती खिडकी कुणी कापली होती, आणि का, तेही शपथेवर सांगा."

चाळीस वर्षं तो रिकाम्या रुळांपाशी थांबून कान देत होता. आज पहिल्यांदा काही ऐकू आलं. तो बीन्स न खाता घरी गेला, पहारीने फळी उपटली, आणि मागोमाग आलेल्या क्लॉडेटच्या हातात मग दिला. माउंट पेलेग समोर होता, बर्फाने भरलेला, दुपारच्या उन्हात. अ‍ॅल्डनचे डोळे भरून आले. त्याने कर-पुस्तक मागवलं, स्वतःच्या घरापुढची नोंद खोडली आणि लिहिलं: 'दृश्य: उत्तम'. खाली सही केली. मग पान उलटून शेजाऱ्याच्या नोंदीवर पेन टेकवलं.

गावात बातमी पोहोचायला बीन्स निवण्याइतकाही वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत रॉजर बॅचेल्डर, फ्लोरिडाच्या उन्हात रापलेला, दारात उभा राहिला. मागे सगळं गाव होतं. हातात तेच जुने फलक होते.

"वराहपाल, तुमचं जामीनपत्र दाखवा."

अ‍ॅल्डनने दाखवलं. जामीन राहिलेले सासरे जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. जामीन गेला म्हणजे जामीनपत्र गेलं, आणि जामीनपत्र गेलं म्हणजे पद गेलं. मुद्दा बिनतोड होता. अ‍ॅल्डनने तो मान डोलावून मान्य केला. आजची नोंद रद्द झाली. आधीच्या चारशे बारा नोंदीही त्याच न्यायाने रद्द व्हायला हव्या होत्या, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

तेव्हापासून वॉर्डवेलमधून डोंगर दिसत नाही. एका स्वयंपाकघरात मात्र सकाळी दोन माणसं कॉफी पितात आणि तिकडे बघतात. बाकीचं गाव दिवे लावून बसलेलं असतं.

वाचकहो, तुम्ही हसलात, तर हसा. पण तुमच्या घराची मोजणी करायला माणूस आला होता, तेव्हा काचा लावून खोलीत घेतलेली ती गॅलरी तुम्ही त्याला काय म्हणून सांगितली होती? उत्तर द्यायची घाई नाही. फक्त देताना उजवा हात वर करा, आणि त्यात थाळी नाही ना, ते बघून घ्या.